महिला हेल्पलाइन + समुपदेशन केंद्र, लॉकडाऊनमधला अनुभव (3 स्टार)

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण ताईनेच सांगितलंय की लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून लिहितेय.

मे 2020. ताई डोंबिवलीला एका खोलीत, भाऊजींचं वर्कशॉप मार्चपासून बंद, माणूस दिवसभर घरात आणि मारहाण आधी आठवड्यातून एकदा होती ती रोजची झाली. 10 एप्रिलला राष्ट्रीय महिला आयोगाने व्हॉट्सअॅप नंबर चालू केलेला, मी तो तिला कळवणार तरी कसा, मोबाइल एकच आणि तो त्यांच्या खिशात! सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) आहे की देशात साधारण 54 टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल आहे, मग बाकीच्यांनी मेसेज कुठून करायचा?

ती रेशनच्या रांगेत शेजारणीच्या फोनवरून बोलायची. पहिल्या दोन वेळा हेल्पलाइन लागलीच नाही, तिसऱ्यांदा लागली तर उत्तर काय, ऑफिसला येऊन अर्ज भरा. लोकल बंद, रिक्षा बंद, नाक्यावर पोलीस, यायचं कसं ते कुणी सांगेना. चौकीत गेली तर म्हणाले आत्ता बंदोबस्त आहे, लॉकडाऊन उठला की या. तोवर तिने काय करायचं होतं?

मग शेजारणीनेच या केंद्राचा नंबर दिला आणि इथल्या समुपदेशक मॅडमना मात्र मी पूर्ण मार्क देईन. पहिलाच प्रश्न विचारला, आत्ता बाजूला कोण आहे, नुसतं हो-नाही बोला. वार ठरवले, मंगळवार-शुक्रवार, सकाळी नळाला पाणी येतं त्या वेळेला, आणि घरातल्या कुणी फोन उचललाच तर म्हणायचं रेशनकार्डचं विचारायचंय. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात (2005 चा) अशा बाईच्या मदतीसाठी नेमलेला संरक्षण अधिकारी असतो, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला तिथून असंच हाकलता येत नाही, हे ताईला लग्नाला 14 वर्षं झाल्यावर तेव्हा पहिल्यांदा कळलं. घटनेचा अहवाल मॅडमनी फोनवर तुकड्यातुकड्यात लिहून घेतला, तीन फोन लागले त्याला, पण एकदाही घाई केली नाही की "जरा जुळवून घ्या" म्हणाल्या नाहीत.

शेवटी एका रात्री ताई आणि भाची अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या. मॅडमनी पोलिसांची गाडी मिळवून दिली. पण निवारागृहाच्या दारात कोरोनाचा रिपोर्ट मागितला, आणि तेव्हा लक्षणं नसलेल्या माणसाची टेस्ट सहज कुठे करत होते? चार तास दोघी पायरीवर बसून होत्या, भाची सहा वर्षांची, मॅडम सारख्या फोन करत होत्या तेव्हा पहाटे एक वेगळी खोली उघडून दिली.

दोन स्टार त्या चार तासांचे कापलेत.