पद्मिनी घ्यायची तर आधी पत्रा बघा

विकाऊ प्रीमियर पद्मिनी बघायला जाल तेव्हा बोनेट सगळ्यात शेवटी उघडा. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. मी स्वतः गेली काही वर्षं १९८४ ची पद्मिनी चालवते. त्यामुळे गाडी घ्यायच्या विचारातले लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात आणि पहिला प्रश्न इंजिनाचाच विचारतात. इंजिनाची काळजी करू नका, ते आम्ही नवं करून देऊ. सडलेला पत्रा मात्र कुणालाच नवा करून देता येत नाही.

कारण या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालचा पत्रा आतून खाल्लेला असेल, तर वरून कितीही चकचकीत रंग मारला तरी गाडी मध्यात बसते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवा आणि दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. ते जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. पायाखालची मॅट उचला. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिच्याखाली हात घाला. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बॉडीला जिथे बसतात ती जागा टॉर्च लावून बघा. तिथे गंज असेल तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका.

गाडी कुठली आहे याला फार महत्त्व आहे. मुंबई-रत्नागिरीकडच्या गाड्या खाऱ्या हवेने आतून पोखरतात. मी माझी मुद्दाम बार्शीकडून आणली, दीड लाखाला. रंग उडालेला होता, सीट फाटलेली होती, पण फ्लोअर मूळचा आणि घट्ट. तेवढ्याच पैशात मुंबईत रंगवलेली, क्रोम लावलेली गाडी मिळत होती. मला आजही माझीच निवड बरोबर वाटते.

आता इंजिन. हे माझ्या प्रेमाचं काम आहे, थोडं जास्त लिहीन. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५, चार सिलिंडर, १०८९ सीसी. हे माप फियाटने इटलीत १९३७ च्या बलिल्ला ११०० मध्ये आणलं आणि आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात ते शतक संपत येईपर्यंत चालू राहिलं. ब्लॉक म्हणजे सिलिंडरचा ठोकळा बिडाचा, त्याच्यावरचं झाकण म्हणजे हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतात, क्रँक ग्राइंड होतो, व्हॉल्व्ह सीट कापता येतात, आणि हे सगळं जिल्ह्याच्या गावी होतं. संगणक लागत नाही. हात आणि मायक्रोमीटर लागतो. जपायचं ते हेड. पाणी उकळू दिलं की ते वाकतं आणि ब्लॉक-हेडमधलं गॅस्केट जातं. म्हणून रेडिएटर कोअर साफ आहे का, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, हे विकणाऱ्याच्या दारातच बघून घ्या. धूर निळा असेल, म्हणजे इंजिन तेल जाळत असेल, तर तेवढे पैसे कमी करून घ्या आणि बिनधास्त घ्या.

कुठलं मॉडेल घ्यावं, यावर लोक फार वाद घालतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ मध्ये फियाट ११०० इथे आणली, जिला आपण डुक्कर फियाट म्हणतो. तिची पुढची दारं उलटी उघडतात. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या. १९६४ च्या डिलाइटपासून पुढची दारं सरळ झाली आणि आपल्या ओळखीचा चौकोनी चेहरा आला. १९७२ मध्ये तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. म्हणजे डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांत मूळ गाडी एकच. जाळी, दिवे, बंपर, सीट बदलत गेले. डुक्कर फियाट देखणी आहे, पण तिची काच आणि पट्ट्या शोधताना आयुष्य जाईल. रोज चालवायची तर पद्मिनीच घ्या. तिचे सुटे भाग अजून मिळतात. इटालियन एफएनएम कंपनीच्या डिझेल इंजिनाची पद्मिनी, म्हणजे १३७ डी, टाळा. तिच्या इंजिनाचे भाग मिळवणं अवघड आहे, आणि आवाज तर या हलक्या बॉडीला शोभतच नाही.

टॅक्सीची खासगी केलेली गाडी ओळखायला शिका. डाव्या बाजूला मीटरची आणि टपावर कॅरिअरची भोकं बुजवलेली सापडतात. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. तिची २० वर्षं भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांनी मुंबईला अर्धं शतक वाहून नेलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे, पण इतकी झिजलेली गाडी घरी आणू नका.

चालवायला कशी आहे? सुरेख. स्टिअरिंगजवळचा हँड गिअर पहिल्या दिवशी परका वाटतो, मग हात आपोआप जातो. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद पाडणारी रचना, नाही; गाडी पूर्ण थांबवूनच टाका. पुढची सीट आडवी सलग, त्यामुळे आई, मी आणि भाची तिघी पुढे बसतो. खांब बारीक, म्हणून चारी बाजू दिसतात. तिकोनी काच वळवली की मे महिन्यातही गळ्याशी वारा येतो. लांबी चार मीटरच्या आत, रुंदी जेमतेम दीड मीटर, म्हणून मंगळवार पेठेच्या बोळात ती बैलगाडीसारखी निवांत शिरते. माझी लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते. चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा आंबा घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर राहा आणि ब्रेक तापू देऊ नका. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ पडतात. गाडी आणल्याबरोबर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम बदला. खर्च किरकोळ आहे, आगीची भीती टळते.

शेवटी कागद. आरसी बुकातला चासी नंबर गाडीवर पेन्सिलने घासून छापा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. तो मागच्या मालकाने भरलाय का ते विचारा. पहिल्या पद्मिनींना आता ५० वर्षं झाली, म्हणून काही विक्रेते ‘व्हिंटेज’ नोंदणीचं आमिष दाखवतात. त्या नोंदणीत पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्याने नोंदवायला २०,००० रुपये फी आहे आणि गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. मला तर रोज सकाळी तिच्यातूनच वर्कशॉपला जायचं असतं, म्हणून मी साधी नोंदणीच वाढवून घेते.