गाडीतल्या कुत्र्यासाठी हार्नेस, पट्टा आणि झोळी: वापरानंतरचे मत

पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट या मार्गाने चिपळूणला उतरून पुढे गुहागरला जाणे आमच्या घरी वरचेवर होते आणि तांबी ही आमची १८ किलो वजनाची देशी कुत्री त्या प्रवासात मागच्या सीटवर असते. तिच्यासाठी आम्ही तीन वस्तूंचा एक संच ऑनलाइन मागवला. पाठीवर रुंद, शिवलेली पट्टी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती आणि पाठीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज), सीटबेल्टच्या बक्कलमध्ये अडकवायचा आखूड पट्टा आणि पुढच्या व मागच्या हेडरेस्टना बांधून सीटवर टांगायची झोळी असा तो संच आहे. जाहिरातीत झोळीचे छायाचित्र सर्वांत मोठे असते. प्रत्यक्षात कुत्र्याचा जीव हार्नेसच्या शिवणीवर आणि तो हार्नेस गाडीला कसा जोडला आहे यावर अवलंबून असतो, म्हणून येथे त्या दोन गोष्टींविषयी अधिक लिहीत आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर अंतर कापते. धडक बसून ती एक दशांश सेकंदात थांबली, तर १८ किलोच्या कुत्र्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर सरासरी अडीचशे किलो वजनाइतका ताण येतो. पट्टा नसेल, तर तोच कुत्रा त्याच वेगाने पुढच्या सीटच्या पाठीवर किंवा पुढे बसलेल्या माणसावर आदळतो. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये गाडीतल्या कुत्र्याला योग्य प्रकारे बांधून ठेवण्याचा स्पष्ट नियम आहे तो याच कारणाने. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ या संस्थेने कुत्र्यांचे पुतळे वापरून हार्नेसच्या धडक-चाचण्या केल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर केले. त्यात ‘स्लीपीपॉड’ या कंपनीचा ‘क्लिकिट युटिलिटी’ हा हार्नेस सर्वांत सरस ठरला, तर बाजारात सुरक्षित म्हणून विकले जाणारे अनेक हार्नेस त्या ताणाखाली टिकले नाहीत. आमच्या संचाच्या वेष्टनावर ‘सुरक्षा’ हा शब्द ठळक छापलेला आहे, मात्र धडक-चाचणीचा कोठेही उल्लेख नाही, आणि या संचाविषयीचा माझा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

तरीही हार्नेस हाताळून पाहिल्यावर तो चांगल्या दर्जाचा वाटतो. छातीवरची पट्टी तळहाताएवढी रुंद असून आतून मऊ अस्तर आहे, त्यामुळे जोर गळ्यावर न येता छातीच्या हाडावर पसरतो. गाडीत कुत्र्याला गळपट्ट्याने बांधणे का धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे. अचानक ब्रेक लागला की सगळा झटका मानेला बसतो. ताण घेणाऱ्या प्रत्येक जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिवण आहे आणि पाठीवरची कडी पोलादी आहे. पोटाखालची दोन बक्कले मात्र प्लॅस्टिकची आहेत. ज्या हार्नेसमध्ये संपूर्ण ताण अशा बक्कलावरच येतो, तो मी गाडीसाठी घेणार नाही. येथे बक्कल सुटले तरी छातीची सलग पट्टी कुत्र्याला पुढे जाण्यापासून अडवते, हा या रचनेचा मोठा गुण आहे.

देशी कुत्रे पाळणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. या कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर अगदी बारीक असते, त्यामुळे दोन पट्ट्यांचा साधा हार्नेस घातला की घाबरलेले कुत्रे पुढचे पाय ताणून, खांदे आत घेऊन आणि मागे सरकत त्यातून अलगद बाहेर येते. टोलनाक्याजवळ किंवा धाब्यावर दार उघडताच असे झाले, तर ते थेट महामार्गावर पोहोचते. या संचातील हार्नेसला बरगड्यांच्या मागे कंबरेपाशी तिसरी पट्टी आहे, आणि तांबीने बराच जोर लावूनही ती त्यातून सुटू शकलेली नाही. केवळ या तिसऱ्या पट्टीसाठीसुद्धा मी हा हार्नेस पुन्हा घेईन.

पट्ट्याबाबत माझे मत इतके अनुकूल नाही. त्याच्या टोकाची धातूची जीभ आमच्या गाडीच्या बक्कलमध्ये बसते, पण प्रत्येक गाडीत ती बसेलच असे नाही. बसली तरी बक्कलचे लाल बटण उघडेच राहते आणि सीटवर वळून बसताना कुत्र्याचा पंजा त्यावर पडला की पट्टा सुटतो. शिवाय लांबी ठरवणारी कडी घाटातल्या वळणांवर हळूहळू सरकते, त्यामुळे वर कोयनानगरला आखूड असलेला पट्टा खाली पोफळीला येईपर्यंत चांगलाच सैल झालेला असतो. पट्टा जितका लांब, तितके कुत्रे झटका बसण्याआधी अधिक पुढे फेकले जाते, म्हणून हा दोष किरकोळ समजू नये. पट्ट्यात मध्यभागी घातलेल्या इलॅस्टिकचाही उपयोग मला पटत नाही, कारण तेही ताणून हेच अंतर वाढवते. आम्ही आता हा पट्टा वापरतच नाही. गाडीचा सीटबेल्ट हार्नेसच्या पाठीवरील रुंद पट्टीतून ओवून घेतो आणि मग बक्कल लावतो. कुत्र्याला उठून बसता येते, आडवे होता येते, पण सीटची कड ओलांडता येत नाही.

झोळी उत्तम आहे, मात्र तिचे काम वेगळे आहे. तिच्यामुळे ओली वाळू, केस आणि उलटी सीटपर्यंत पोहोचत नाहीत, खालच्या रबरी ठिपक्यांमुळे ती सरकत नाही आणि मधल्या जाळीच्या खिडकीतून एसीची हवा मागे येते. मागे एसीची झडप नसलेल्या गाडीत ही जाळी अत्यावश्यक आहे, कारण कुत्रे शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकते. जोरात ब्रेक लागल्यावर मात्र ही झोळी पायाजवळच्या पोकळीत खाली दबते. ती कुत्र्याला थोपवून धरेल अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये. विक्रेत्याने तिला ‘सुरक्षा झोळी’ म्हणणे मला योग्य वाटत नाही.

यांपैकी एकही वस्तू उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कुत्र्याचे रक्षण करू शकत नाही. अशा गाडीतील तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंश सेल्सियसने वाढू शकते आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. जेवणासाठी थांबताना आमच्यापैकी एक जण तांबीबरोबर सावलीत बाहेर थांबतो. चालत्या गाडीत मागच्या काचांचे बटण चालकाकडून बंद ठेवावे, कारण दारावर पाय ठेवून उभे राहणारे कुत्रे ते सहज दाबते.

एकूण पाहता, हार्नेस आणि झोळी यांसाठी हा संच घ्यावा. पट्टा त्यात नाही असे समजूनच किमतीचा विचार करावा. पग किंवा पाच-सहा किलोच्या लहान कुत्र्यासाठी सर्वांत लहान मापही सैल होण्याची शक्यता आहे, आणि मोठी डिकी केबिनला जोडलेली असेल अशा गाडीत नीट बांधलेला मजबूत पिंजरा मला याहून अधिक भरवशाचा वाटतो. माप घेताना पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीच्या सर्वांत रुंद भागावर टेप फिरवावी आणि हार्नेस घातल्यावर पट्टीखाली दोन बोटे जातील इतकीच जागा ठेवावी. विक्रेता माप बदलून देतो, पण परत पाठवण्याचा कुरिअर खर्च ग्राहकालाच करावा लागतो.