क्रिमिनॉलॉजीसाठी काढलेलं कर्ज : चौदा हप्ते फेडल्यानंतर

दर महिन्याच्या 5 तारखेला माझ्या खात्यातून 8,515 रुपये कापले जातात. हातात येणारा पगार 21,500. क्रिमिनॉलॉजीत (गुन्हेगारीशास्त्रात) एम.ए. करायला 4 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं होतं, त्याचे 14 हप्ते भरून झाले. सोलापुरातली बरीच मुलंमुली सध्या या विषयाची चौकशी करतात, म्हणून माझा हिशेब जसाच्या तसा मांडते.

कर्ज मिळायला त्रास झाला नाही. 4 लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, सहकर्जदार म्हणून पप्पांनी सही केली. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. कोर्सची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, हे ऐकूनच घरात सगळे निर्धास्त झालो. त्या तीन वर्षांत व्याज चालूच असतं हे कागदावर लिहिलेलं होतं, पण कुणी नीट वाचलं नाही. दरवर्षी 2 लाख असे दोनदा उचलले, व्याज साडेदहा टक्के. पहिला हप्ता सुरू होताना कर्ज 5 लाख 5 हजारांवर गेलं होतं.

पहिल्या हप्त्यातले 4,419 रुपये नुसत्या व्याजात गेले. आजवर 1 लाख 19 हजार भरले, त्यातून मुद्दल उतरलं फक्त 60,700. सात वर्षांत एकूण 7 लाख 15 हजार जाणार. हप्ता सुरू होण्याआधीच्या त्या तीन वर्षांत व्याज भरत गेलो असतो, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला 1,750 आणि पुढे 3,500, तर हप्ता 6,745 च्या आसपास बसला असता आणि शेवटी 44 हजार वाचले असते. पहिल्या वर्षीचे 1,750 आम्हाला जमण्यासारखे होते. याची रुखरुख अजून जात नाही.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलत मिळते असं सगळे सांगतात. पण माझ्या पगारावर मुळात करच बसत नाही, मग सवलत कशातून घेणार?

आता कमाई. प्रवेश घेताना मला वाटायचं, ही पदवी म्हणजे पोलीस नाहीतर प्रयोगशाळा. पीएसआयच्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यासाठी क्रिमिनॉलॉजी लागत नाही. न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळांमध्ये विज्ञान शाखेची माणसं घेतात, माझं बी.ए. मानसशास्त्रात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे गुन्ह्यांचा तपास आणि खटला कसा चालवायचा याचा नवा कायदा, लागू झाली. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं तिच्या कलम 176 मध्ये आहे. हे वाचून मलाही आशा वाटली होती. पण हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे, आणि त्यातही मागणी फॉरेन्सिक सायन्सवाल्यांना, म्हणजे पुराव्यांची शास्त्रीय तपासणी शिकलेल्यांना. क्रिमिनॉलॉजी गुन्हा का घडतो, गुन्हेगाराचं आणि पीडिताचं पुढे काय होतं, हे शिकवते. दोन्ही एकच समजून फी भरू नका. मी तीच चूक केली. माझ्या खाजगी विद्यापीठात प्रवेशाच्या वेळी हा फरक कुणी सांगितला नाही.

शेवटी काम मिळालं विम्याच्या दाव्यांच्या तपासाचं. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, कुठेही जावं लागतं. पंचनामा वाचायचा, जागा बघायची, माणसांशी बोलायचं. मागे एका अपघाताच्या दाव्यात तीन साक्षीदारांचे जबाब होते. तिन्ही सह्यांमध्ये ‘र’ची शेपटी एकाच जागी वर वळलेली, तिथेच पेन दाबलेलं आणि शाईचा बारीक ठिपका. कागद खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरला तेव्हा तिन्हीकडचा दाब सारखाच दिसला. गावात गेले तर त्यातल्या दोघांना या जबाबाची खबरच नव्हती. हे बघायला मला पदवीनेच शिकवलं, आणि हे काम मला मनापासून आवडतं. म्हणून पदवी वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही. माझी तक्रार तिच्यासाठी मोजलेल्या पैशांबद्दल आहे.

घरी राहते म्हणून भागतं. हप्ता आणि पेट्रोल वजा जाता जेमतेम दहा हजार उरतात, त्यातले पाच आईकडे. हाच पगार पुण्यात खोली घेऊन राहायचं म्हटलं तर पुरणार नाही. मी आता एवढंच मोजते : हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत हवा. माझा पाच हिश्शांतले दोन खातो.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा जुना विभाग आहे. सरकारी विद्यापीठ, फी खाजगीच्या मानाने बरीच कमी. विजयपूर-गदगमार्गे गाडीने जाता येतं. कन्नड येत नाही म्हणून मी तेव्हा चौकशीसुद्धा केली नाही. माझी मावसबहीण यंदा बी.एस्सी. झाली आणि तिला हाच विषय घ्यायचाय. अर्ज भरण्याआधी आम्ही दोघी धारवाडला जाऊन विभाग बघून येणार आहोत. कर्ज लागलंच तर पहिल्या महिन्यापासूनचं व्याज मावशी भरणार, हे घरात ठरलंय.