टीडीएस पूर्ण परत आला, तेव्हाच कळायला हवं होतं

आयकराच्या रिफंडवर वीस टक्के घेऊन रिटर्न भरून देणारे एजंट सगळ्यांनाच माहीत आहेत, त्यामुळे त्यांची गोडीगुलाबी इथे उगाळत नाही. ते पोटठेकेदाराच्या रिटर्नमध्ये नेमकं काय घुसवतात, तेवढं सांगतो.

मुख्य ठेकेदार आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम १९४सी खाली आपल्या प्रत्येक बिलातून १ टक्का कापायचा. २०२३-२४ ची माझी बिलं ३१,५०,००० ची, म्हणजे टीडीएस ३१,५००. साहित्य, मजुरी, भाड्याची यंत्रं, गाडीभाडं वजा जाता नफा ७,१०,०००. हा हिशेब मीच एजंटाला काढून दिला होता, बिलांची फाइलसुद्धा नेली होती. "बिलं असू द्या, मी बसवतो," म्हणाला. काय बसवणार, हे विचारायला हवं होतं.

नफा त्याने तसाच ठेवला. मी बघितलाच असता तर तोच आकडा बघितला असता, हे त्याला पक्कं ठाऊक. खाली वजावटींत मात्र ८०सी मध्ये (विमा, बचत) १,५०,०००, ८०डी मध्ये (आरोग्य विमा) २५,००० आणि ८०जीजीसी मध्ये राजकीय पक्षाला देणगी ६०,०००. मी एक रुपयाही दिलेला नाही. एकूण उत्पन्न उरलं ४,७५,०००. पाच लाखांच्या आत, म्हणजे जुन्या करपद्धतीत कर शून्य आणि अख्खे ३१,५०० परत.

या वजावटी जुन्या पद्धतीतच मिळतात, आणि धंद्याचं उत्पन्न असेल तर ती पद्धत निवडायला त्या वर्षी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागायचा. मला त्या दिवशी दोन ओटीपी आले होते. दुसरा कशाला, म्हटलं, तर "सर्व्हर अडकला, परत सांगा." तो १०-आयईएचा होता! एकदा भरला की त्या वर्षापुरती माघार नाही. पुढे कधी नव्या पद्धतीत परतलात, तर धंदा चालू असेपर्यंत जुन्या पद्धतीचं दार बंद.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त एक पानी पावती पाठवली. त्यावर ४,७५,००० स्वच्छ छापलेले होते. मी रिफंडची ओळ वाचली आणि फोन खिशात टाकला. दर तिमाहीला २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती टीडीएस जमा झाला तो तक्ता, तपासणारा माणूस आहे मी, अडाणी नाही. पण पूर्ण टीडीएस परत म्हणजे कर शून्य, आणि ७,१०,००० वर शून्य कसा, एवढं डोक्यात आलं नाही. पूर्ण रिटर्नची पीडीएफ मागा. वजावटींचं पान आधी उघडा.

आता खरी जळजळ. नव्या पद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत कर नव्हता. सात लाखांच्या वरच्या १०,००० पेक्षा जास्त कर न लावण्याची सवलत धरून कर १०,०००, उपकरासह १०,४००. सरळ भरलं असतं तर २१,१०० परत आले असते. त्याने ६,३०० कमिशन आणि २,५०० फी घेतली, माझ्या हाती २२,७००. म्हणजे फरक १,६०० रुपयांचा!

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर अशा एजंटांची झडती घेतली, तेव्हा मी पोर्टल उघडलं. प्रोफाइलमध्ये ईमेल त्याचा. खात्याने काही कळवलं असेल तर ते त्यालाच गेलं.

ऑगस्टमध्ये अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू भरला. खऱ्या वजावटी शून्य, पद्धत जुनीच, म्हणून कर ५६,६८०. टीडीएस रिफंडात निघून गेलेला, त्यामुळे सगळे खिशातून. त्यावर २५ टक्के जादा, १४,१७०. व्याज आणि त्यावरचे २५ टक्के वेगळे. करनिर्धारण वर्ष संपल्यावर पहिल्या बारा महिन्यांत २५, पुढच्या बारा महिन्यांत ५० टक्के, त्यापुढे आणखी जास्त. त्याआधी खात्याने करनिर्धारणाची कारवाई सुरू केली असती तर हा रस्ताही बंद झाला असता, आणि खोटी माहिती ठरली असती तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "पैसे तुमच्याच खात्यात आले ना, मग फसवणूक कसली?" सायबरवाले म्हणाले, ओटीपी तुम्हीच दिलात. पोर्टलवरची तक्रार 'रिटर्न करदात्याने पडताळलेले आहे' असं लिहून बंद केली. परत टाकली, परत तेच. मग आयकर कार्यालयात, चौथ्या खिडकीवर विचारलं, एजंटाविरुद्ध तक्रार कुठे द्यायची, तर उत्तर आलं, आधी थकबाकी भरा. भरली की! पावती दाखवली, तर म्हणे साहेब रजेवर. खोट्या देणगीवर बिनबोभाट रिफंड सोडणाऱ्यांना खरी तक्रार वाचायला वेळ नाही.

खरा सीए रिफंडच्या टक्केवारीवर फी घेऊच शकत नाही, त्याच्या संस्थेचा, आयसीएआयचा, तसा नियमच आहे. सदस्य क्रमांक मागा, संस्थेच्या साइटवर तपासा. पासवर्ड, ईमेल, मोबाइल आपलेच ठेवा आणि ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचून मगच आकडे सांगा. मजुरी एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च धरत नाहीत, बँकेतून द्या. छोट्या धंद्यांना बिलांच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवू देणाऱ्या कलमातले (तेव्हाचं ४४एडी) ६ टक्के ही बँकेतून आलेल्या पैशांसाठी किमान पातळी आहे, रोखीला ८. नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, एजंट काहीही सांगो.

त्याचा फोन अजून लागतो. परवा उचलून म्हणाला, "यंदाचं कधी पाठवताय?"