टोस्टमास्टर्स: सोळा महिन्यांनंतर

आधी नावाचा घोळ. मी शनिवारी संध्याकाळी टोस्टमास्टर्सला, म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करायच्या क्लबला, जातो हे घरी सांगितलं, तेव्हा आईनं विचारलं, "टोस्ट करायला शिकवतात का तिथं?" ब्रेडशी काही संबंध नाही. मेजवानीत उभं राहून चार शब्द बोलायची पाश्चात्त्य पद्धत असते, त्यावरून ते नाव आलं. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना गावी, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या तळघरात, पहिला क्लब सुरू केला. आज जगभर क्लब आहेत आणि मराठीत सभा घेणारेही आहेत. माझा क्लब इंग्रजी आहे. गाडी अडली की लोक हिंदी-मराठीवर येतात.

मी चाकणला एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. हाताखाली बावीस माणसं. ऑपरेटरचा सुपरवायझर झालो, पण बावीस जणांसमोर उभं राहिलं की एकतर आवाज चढायचा, नाहीतर घशाला कोरड पडायची. साहेबांनी दोनदा टोकलं आणि मी गेलो. भाषण सुधारावं एवढीच अपेक्षा होती. ते सुधारलं का? थोडंफार. खरा उपयोग भलत्याच ठिकाणी झाला, म्हणून हे लिहितोय.

पहिलं भाषण 'आइसब्रेकर'. स्वतःची ओळख, वेळ चार ते सहा मिनिटं. माझं दोन मिनिटं चाळीस सेकंदांत आटोपलं. टायमरला, म्हणजे वेळ मोजणाऱ्या माणसाला, हिरवं कार्डसुद्धा दाखवता आलं नाही, कारण ते चार मिनिटांना दाखवतात. पिवळं पाचला, लाल सहाला. त्याच दिवशी 'आ काउंटर'नं सांगितलं की मी एकोणीस वेळा 'ॲक्च्युअली' म्हणालो. अडखळण्याचे आवाज आणि उगाच घुसणारे शब्द मोजायला तिथं खास माणूस नेमलेला असतो. त्या रात्री जेवताना बायको मोजत बसली होती.

पुढचे दोन-तीन महिने मी भाषणं टाळली. टायमर हो, मतपत्रिका गोळा कर, खुर्च्या लाव, असली कामं घेत राहिलो. टायमरला वाटतं आपण फुकट बसलोय, पण घड्याळ हातात असलं की माणसं वेगळी दिसतात. कोण मुद्द्यावर यायलाच तीन मिनिटं घालवतो, कोण लाल कार्ड बघूनही न बघितल्यासारखं करतो, सगळं कळतं. आमच्या शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांची सभा असते. एकदा मोबाइलवर वेळ लावून बघितलं, तर मी अकरा मिनिटं बोलत होतो आणि माणसं मशीनकडं बघत उभी होती.

सगळ्यात जास्त शिकलो ते मूल्यमापनातून. प्रत्येक ठरलेल्या भाषणाला एक इव्हॅल्युएटर असतो. त्यानं दोन-तीन मिनिटांत सगळ्यांसमोर सांगायचं की काय जमलं आणि काय बदलता येईल. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा समोर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी होती. मी क्वालिटीचा रिपोर्ट वाचावा तशा तिच्या सात चुका वाचल्या. सगळ्या खऱ्या होत्या. मुलगी पुढच्या दोन सभांना आली नाही. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते चहाच्या वेळी म्हणाले, "सात सांगितल्यास, त्यातली पुढच्या वेळी तिनं नेमकी कुठली सुधारायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिथला अभ्यासक्रम 'पाथवेज' नावाचा आहे, पाच पातळ्यांचा. पहिल्याच पातळीत एक प्रकल्प असा आहे की भाषण करा, त्यावरचे शेरे घ्या, ते वापरून पुन्हा भाषण करा आणि शेवटी स्वतः दुसऱ्याचं मूल्यमापन करा. अख्ख्या अभ्यासक्रमातलं एकच ठेवा म्हणाल तर मी हे ठेवीन. कारखान्यात एका ऑपरेटरचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पीस, वाढलं होतं. पूर्वी मी लाइनवरच सगळ्यांदेखत सुनावलं असतं. या वेळी जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं, सेटिंग तो चांगलं करतो हे सांगितलं आणि एकच गोष्ट मागितली: टूल बदललं की पहिला पीस मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. रिजेक्शन लगेच शून्यावर आलं वगैरे काही नाही. पण आठवड्यानं तोच विचारायला आला, "साहेब, आता कसं वाटतंय?"

यंदा १ जुलैपासून मी क्लबचा व्हाइस प्रेसिडेंट एज्युकेशन आहे. पदाचं नाव भारदस्त, काम मात्र दर आठवड्याला माणसं गोळा करायचं. वक्ते, मूल्यमापक, टायमर, टेबल टॉपिक्स म्हणजे आयत्या वेळच्या विषयांचा सूत्रधार, सगळं भरायचं. कारखान्यात मी ओव्हरटाइम लावू शकतो, रजा अडवू शकतो. इथं डॉक्टर, विद्यार्थी, गृहिणी, कुणीच माझं देणं लागत नाही. गणपतीच्या आठवड्यात पाच जणांनी शुक्रवारी रात्री नकार कळवला. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कृपया रोल घ्या' टाकलं, तर दोन हात जोडलेले इमोजी आले, माणूस एकही नाही. मग एकेकाला फोन केला आणि तुम्हीच का हवेत ते सांगितलं. तिघं तयार झाले. तेव्हापासून ग्रुपवर मागणं बंद.

चूकही केली. एका जुन्या सदस्याचं भाषण न विचारता पुढच्या शनिवारी ढकललं, कारण तक्ता जमत नव्हता. ते काही बोलले नाहीत, फक्त यायचे थांबले. दोनदा फोन केला, नीट बोलले, आले नाहीत.

आता न पटलेलं. वर्गणी डॉलरमध्ये ठरते आणि दर सहा महिन्यांनी भरावी लागते. वर हॉलचा खर्च वेगळा. विद्यार्थ्यांना हे जड जातं. दुसरं म्हणजे टाळ्या. तिथं कशालाही टाळ्या पडतात, आणि आपण फार पुढं गेलोय असं वाटायला लागतं. तयारी करून केलेलं सात मिनिटांचं भाषण वेगळं आणि पगारवाढ नाकारल्यावर समोर बसलेला माणूस वेगळा. तो मधेच तोडतो, आणि त्याला लाल कार्ड दाखवता येत नाही. त्याची तयारी इथं फारशी होत नाही. क्लबचं वर्ष ३० जूनला संपतं आणि दहा उद्दिष्टांपैकी किमान पाच पुरी झाली तरच क्लबला मान मिळतो. त्यामुळे जूनमध्ये पातळ्या संपवायची घाई होते. मीही दोन भाषणं अशीच उरकली. त्यातलं एकही आता आठवत नाही.

ज्यांना दोन महिन्यांत स्टेज गाजवायचंय त्यांनी एखादी कार्यशाळा गाठावी. जायचंच असेल तर आधी पाहुणे म्हणून दोन-तीन क्लब बघा, प्रत्येकाचा स्वभाव निराळा असतो. भाषणांपेक्षा मूल्यमापनं नीट ऐका. नुसतं 'छान, छान' चाललं असेल तर दुसरा क्लब शोधा. मी ऑक्टोबरची वर्गणी भरली आहे.