पाळणाघर काढायचंय: सरकारी अनुदान, कंपनीचं काम की पालकांची फी?

नागपुरात पाळणाघर सुरू करू पाहणाऱ्या बचतगटाला किंवा संस्थेला पैशाच्या तीन वाटा आहेत. बहुतेक जण आधी अनुदान किती मिळेल ते विचारतात. खरं तर आधी बघायला हवं ते आयांचं कामाचं वेळापत्रक.

केंद्राची ‘पाळणा’ योजना 2022 पासून मिशन शक्ती या महिलांसाठीच्या केंद्रीय कार्यक्रमाच्या ‘सामर्थ्य’ गटात आहे. जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना यातच आली. महाराष्ट्रात खर्चाची वाटणी केंद्र 60, राज्य 40 अशी. मूल 6 महिने ते 6 वर्षांचं हवं. आई नोकरी करते की नाही, ही अट आता नाही. अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात पाळणासेविकेला 5,500 आणि मदतनिसाला 3,000 रुपये मानधन, शिवाय अंगणवाडी सेविकेला 1,500 व तिच्या मदतनिसाला 750 जादा. स्वतंत्र पाळणाघरात हेच आकडे 6,500 आणि 3,250. नव्या मंजुऱ्यांचा भर अंगणवाडीवर आहे, म्हणून संस्थेने जागा भाड्याने घेण्याआधी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात स्वतंत्र पाळणाघराचा प्रस्ताव घेतात का, हे विचारून घ्यावं. करार आधी आणि चौकशी मागाहून केली, तर भाडं चालू राहतं.

गणित अडतं ते दोन ठिकाणी. स्वतंत्र पाळणाघरात 9,750 रुपयांत (6,500 अधिक 3,250) दोन बायका महिनाभर टिकवायच्या, म्हणजे वरचे पैसे संस्थेचेच. दुसरं, योजनेची रचना साधारण साडेसात तासांच्या दिवसावर, महिन्याला 26 दिवस अशी. सीताबर्डीतल्या दुकानात 11 ते 6 काम करणाऱ्या बाईला तेही कसंबसं पुरतं. बुटीबोरीतल्या कारखान्यात आठ तासांची पाळी करणारीचे, बसचा वेळ धरला, तर दहा तास सहज होतात. अनुदान हप्त्यांनी येतं, तेही हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर. तीन महिन्यांचं मानधन हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका; सेविका सोडून गेली की मुलंही तिच्यामागे जातात.

कंपनीची वाट वेगळी. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली; नोव्हेंबर 2025 पासून हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आईला दिवसातून चार भेटींची मुभाही त्यातच. ही मोजणी सगळ्या कर्मचाऱ्यांची, फक्त बायकांची नाही, हे हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांच्या लक्षातच येत नाही. एकट्याला झेपत नसेल तर शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक चालवावं. संस्थेसाठी पैसा इथे सर्वात भरवशाचा, पण मुलं कर्मचाऱ्यांचीच. कंत्राटी बायकांची मुलं घेणार की नाही, हे करारात लिहून घ्या. रिकाम्या जागांचे पैसे कोण देणार, हेही.

फीवर चालणाऱ्याचा हिशेब उदाहरणादाखल असा. तीन बायका प्रत्येकी 9,000, भाडं 8,000, वीज-साबण-औषधं 4,000, जेवणखाण रोज मुलामागे 40, महिन्याचे 26 दिवस. 25 मुलं असतील तर महिन्याला 65,000 खर्च, म्हणजे मुलामागे 2,600. मात्र हजेरी 18 वर आली की हाच आकडा 3,200 च्या वर जातो. म्हणून फी 18 मुलांवर ठरवा. आणि वर्षभराची सरासरी काढताना मे-जूनची गळती धरा: नागपूरच्या उन्हाळ्यात मुलं आजोळी जातात, आणि कूलरचं वीजबिल तेव्हाच चढतं.

धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या वस्तीत अंगणवाडीला जोडलेलं पाळणाघरच योग्य. तिथे संस्थेने अनुदान मागण्याऐवजी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला भेटून 6 वर्षांखालील मुलांची नावं, वय आणि आईच्या कामाच्या वेळा लिहिलेली यादी द्यावी. आईला जवळचं पाळणाघर अंगणवाडी सेविकाच सांगू शकते, आणि तिच्या हाती ही यादी असली की निम्मं काम होतं. कारखान्याजवळ कंपनीची वाट धरा. धरमपेठ-त्रिमूर्तीनगरसारख्या भागात फी चालेल, पण मध्येच अनुदान मिळेल या आशेवर फी कमी ठेवू नका.