बीजांड व बीज यांच्या स्लाइडची पेटी : एका शिक्षकाचा अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळा-साहित्य विक्रेत्याकडून आमच्या अंबाजोगाईच्या महाविद्यालयाने बीजांड (फुलातला ज्या भागाचे पुढे बीज होते तो) व बीज यांच्या २५ कायमस्वरूपी स्लाइडची पेटी घेतली. पदवीच्या वर्गाला सपुष्प वनस्पतींची कुळे शिकवताना ती वर्षभर वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

पेटीतली सर्वांत मोलाची स्लाइड राजगिऱ्याच्या बीजाची आहे. मधोमध पिठाचा साठा आणि त्याला कड्यासारखा वेढून बसलेला भ्रूण इतका स्वच्छ दिसतो की, हा साठा भ्रूणपोष (फलनातून तयार होणारा नेहमीचा अन्नसाठा) नसून न्युसेलसपासून, म्हणजे बीजांडाच्या आतल्या गाभ्यापासून, झालेला पेरिस्पर्म आहे, हे समजावून सांगणे फार सोपे जाते. राजगिरा, गुलबास आणि निवडुंग बाहेरून एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. तरीही अशा वाकड्या भ्रूणासारख्या खुणांवरून जुन्या वर्गीकरणकारांनी त्यांची कुळे जवळजवळ ठेवली होती, आणि १९९८ मध्ये आलेल्या डीएनएवर आधारलेल्या एपीजी या सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरण पद्धतीनेही ती कॅरिओफायलेलीस या एकाच गणात ठेवली. डोळ्यांना दिसणारी खूण किती खोलवरची असू शकते, हे मुलांना इथे पटते.

कपाशी आणि वांगे यांची जोडीही उत्तम आहे. कपाशीच्या बीजांडाला दोन आवरणे व जाड न्युसेलस, तर वांग्याच्या बीजांडाला एकच आवरण व अगदी पातळ न्युसेलस; वांगे, तीळ, सूर्यफूल ज्यात येतात त्या अ‍ॅस्टरिड समूहाची ही सर्वसाधारण खूण आहे, अपवाद अर्थातच आहेत.

सीताफळाच्या बीजावर मात्र दोन स्लाइड खर्ची घालण्याचे कारण नव्हते. बालाघाटच्या डोंगरात वाढलेल्या मुलांनी बी ब्लेडने उभी चिरली, तरी भ्रूणपोषात आत शिरलेल्या तपकिरी घड्या लगेच दिसतात.

खरी तक्रार एरंडाच्या बीजांडाबद्दल आहे. सेक्शन (पातळ काप) तिरके गेल्यामुळे बीजांडद्वार, म्हणजे बीजांडाच्या टोकाचे बारीक छिद्र, आणि देठ एकाच कापात दिसत नाहीत, मग बीजांड अधोमुखी, म्हणजे उलटे वळून छिद्र देठाजवळ आलेले, आहे हे लेबलवर विश्वास ठेवूनच मानावे लागते. विक्रेत्याने कुरकुर न करता स्लाइड बदलून दिली, पण दुसरीही तशीच निघाली. घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी बीजांडाची प्रत्येक स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावी. बीजांच्या स्लाइड निर्धास्तपणे घ्याव्यात.